जावयाच्या हातचा घास

गावात लग्न असो की मयत, केळीच्या पानांत मातोके, म्हणजे कच्ची केळी, वाफवायला नाबुकीराच लागायची. शेवटची पंगत उठेपर्यंत ही बाई चुलीपासून हलायची नाही. आणि आता कंपालाच्या इस्पितळात तिला चमचाभर पेज गिळवत नव्हती.

घशाचा कॅन्सर. औषधानं तोंड आतून सोलवटलेलं, बोटं बधिर, चमचाही धरवेना. आधी लेक भरवायची. ती बाळंत झाली आणि सोबतीला आला जावई, लुटाया. तिथंच घात झाला. सासू-जावयानं एकमेकांना शिवायचं नाही, समोरासमोर जेवायचं नाही. मोडलं की अंगाला कापरं भरतं, हे बागांडा लोकांत शेंबडं पोरही सांगेल. लुटाया बिचारा शेंगदाण्याचं कूट घालून नाचणीची पेज शिजवायचा, डबा दाराशी ठेवायचा आणि पाठ फिरवायचा.

जावयाचा डबा भरलेला परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून नाबुकीरा पेज शेजारच्या खाटेवरच्या नामुलीला द्यायची आणि डबा धुऊन परत करायची. रिकामा डबा बघून लुटाया खूश. जळो ती मर्यादा! ती सांभाळता सांभाळता बाई उपाशी मरत होती.

सोमवारी वजन केलं. सिस्टर लुटायावर ओरडली, "अहो, नुसती हाडं राहिलीत! आज औषध देत नाही. पुढच्या वेळी वजन भरलं नाही तर घरीच न्या त्यांना."

"पण डबा तर रोज रिकामा येतो!"

नामुलीनं मान खाली घातली. लुटाया काय ते समजला.

नाबुकीराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषध बंद म्हणजे मरण, आणि लेकीचं बाळ अजून तिनं पाहिलंही नव्हतं. लुटाया आत येताना दिसला तशी तिनं चादर तोंडावर ओढली. तो खाटेला पाठ लावून जमिनीवर बसला आणि पेजेचा चमचा खांद्यावरून मागे धरला.

"जावईबापू, वेड लागलंय का? हात कापायला लागतील तुमचे!"

"कापू देत. मला बायको भरवेल. तुम्हाला कोण भरवणार आहे, आई?"

तिनं चादर खाली सरकवली, डोळे मिटून तोंड उघडलं. पहिला घास ठसक्यासरशी उलटून आला आणि त्याच्या मानेवरून शर्टात उतरला. त्यानं वळून पाहिलं नाही. पुन्हा चमचा भरला, पुन्हा मागे धरला. या वेळी हात खरंच थरथरत होता.

नाबुकीरानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि चमचा तोंडाशी नेला.