आत्याला ब्लॉक कोणी दिला?

आमच्या घरात नजर काढतात, अंगारा लावतात, आणि मी दर वेळी भांडतो. रोह्याला केमिकल कंपनीत आहे. गेज दाखवेल तेच खरं, एवढाच माझा धर्म. तरी हे लिहितोय, कारण गावात याची जी गोष्ट करून टाकलीय ती ऐकून माझं डोकं फिरतं.

माझी आत्या पंचाहत्तरीची, धरमतरजवळच्या आमच्या गावात राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. उभा जन्म मिठागरात गेला, पायाला भेगा पडल्या तरी हूं की चूं केलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती मोरीत घसरली आणि खुबा मोडला. चुलतभावाने पेणच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. मी शिफ्ट सोडून पोचलो तेव्हा तिचं ओरडणं खाली जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उद्या. आणि दुखण्याचं काय? सलाईनमधून औषध दिलंय. या वयात जास्त जोराचं दिलं तर श्वास मंदावतो. मग दुसरं काही? भूलतज्ज्ञ पनवेलहून येतील, ते बघतील. तोवर? डॉक्टरांनी खांदे उडवले. सिस्टर तर म्हणाली, आजी जरा जास्तच करतात. चादर बदलायला कुशीवर वळवलं तेव्हा आत्याने माझा दंड असा आवळला की वळ उठले... जास्तच करतात म्हणे.

मी बाहेर आलो. दाराला लागूनच बाक होता, तिथे बसून पनवेलच्या हॉस्पिटलांना फोन लावत राहिलो. भर दुपार होती. खोलीला दार एकच, खिडकीला जाळी. माझ्या गुडघ्यांना घासल्याशिवाय कोणाला आत जाता आलं नसतं, आणि कोणी गेलं नाही. फोनवर असतानाच आतलं ओरडणं थांबलं.

मला वाटलं — गेली.

धावत आत गेलो. आत्या शांत पडली होती, डोळे उघडे.

"ती बाई येऊन गेली ना," म्हणाली. "जांघंत सुई दिली. मांडी बधिर झाली बघ."

शेजारच्या खाटेवरच्या बाई भिंतीकडे सरकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, आजी कुणाशी तरी बोलत होत्या, पण समोर कोणीच नव्हतं.

मी सिस्टरला धारेवर धरलं, कोणी काय टोचलं म्हणून. तिने लेकराची शपथ घेतली. माझा आवाज चढला तसे भूलतज्ज्ञांना फोन गेले आणि ऊन उतरायच्या आत ते आले. सरळ माणूस. म्हणाले, जांघेत इंजेक्शन देऊन तिथल्या नसाच बधिर करता येतात, त्याला ब्लॉक म्हणतात, म्हातारी माणसं शुद्धीत राहतात आणि कळ थांबते. हे आल्या आल्या करायला हवं होतं. बरोबर आणलेलं सोनोग्राफीचं छोटं मशीन त्यांनी जांघेवर ठेवलं... आणि हात थांबला.

"ब्लॉक दिलेला आहे," ते म्हणाले. "औषध बरोबर जागी आहे. कोणी दिला?"

त्या हॉस्पिटलात हे काम येणारं दुसरं कोणी नव्हतंच.

ऑपरेशन नीट झालं. आत्या आता वॉकर धरून ओटीवर फिरते. गावाने नारळ फोडले, देवी आली म्हणून. खांदे उडवणारे डॉक्टर हसून म्हणाले, आजींची पुण्याई. झालं! पुण्याई आली की यांची जबाबदारी संपली. मी तक्रार करायला निघालो तर आमचेच भाऊबंद आडवे आले — कळ थांबली ना, मग तक्रार कसली, देवीवर संशय घेतोस का? उद्या त्या खाटेवर दुसरी म्हातारी ओरडेल, तिच्यासाठी कोण येणार, हे एकही विचारत नाही.

ती कोण होती, आत कशी आली, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवलं, हाती काही लागलं नाही. परवा आत्यालाच विचारलं, कशी होती गं ती, देवीसारखी?

"नाय रं," आत्या म्हणाली. "साधीच व्हती. हात हलका. पन लय रागावलेली."

तुझ्यावर?

"माज्यावर कशाला? म्हनली, एवढी वरडतेस बाय, आन् भायेर एकालाबी ऐकू येत नाय?"