आजोबांच्या नावाचे तिघे

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या तरण्या फौजदारबाईचं हसू येतं, म्हणजे माझंच. वर्दी नवी कोरी, टोपी कपाळावर ओढलेली आणि चाल अशी, जणू अख्ख्या वऱ्हाडाची कायदा-सुव्यवस्था हिच्याच कमरपट्ट्याला लटकली आहे. त्या ऐटीत मी एका घराच्या दारातून आरोपीच्या नावाचा पुकारा केला. म्हातारी आजी बाहेर आली. "तुमच्या नातवाचं नाव काय? घ्या तोंडाने!" म्हणून मी दरडावलं. तिने पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बुढी गुन्हेगाराला पाठीशी घालते आहे, असं ठरवून मी मोकळी झाले आणि मागे उभा असलेला तरुण उचलून ठाण्यात आणला. वऱ्हाडातच जन्मले, पण एवढंही सुचलं नाही की ते नाव तिच्या नवऱ्याचं असेल आणि नवऱ्याचं नाव ती कशी घेणार?

प्रकरण साधं वाटत होतं. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या हंगामात, आधी कुणाची गाडी भरायची यावरून भांडण झालं. एका ट्रक ड्रायव्हरच्या डोक्यात मागून लोखंडी रॉड बसला. मारणारा त्याला दिसला नाही. तो पडत असताना कुणीतरी मारणाऱ्याचं नाव घेऊन ओरडलं, "सोड त्याले, मरंल तो!" एवढंच कानावर आलं. खबऱ्याने त्या नावाला आडनाव जोडलं, गाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

ठाण्यात त्या तरुणाला विचारलं, तर त्याने तेच नाव सांगितलं. मी खूश. तेवढ्यात हवालदारांनी घसा खाकरला.

"म्याडम, त्या घरात या नावाचे तिघं हायेत. बुढा गेल्यावर तिन्ही पोराहिले पयले पोरगेच झाले. तिघाहिनंबी बापाचं नाव ठेवलं."

"मग तिघांनाही आणा!"

"आनतो ना. बुढ्यालेबी आनू काय? नाव तं त्याचंच व्हतं."

मला राग आला. राग गिळून कोठडीकडे गेले. उचलून आणलेल्या त्या तरुणाला गावात बंडू म्हणत. तो गजाला धरून उभा होता.

"म्याडम, उद्या सकाळी अमरावतीले माही पोलीस भरतीची मैदानी परीक्षा हाय. आज गुन्हा लागला तं माह्यं सारंच गेलं."

"वा! आरोपी निघाला पोलीस व्हायला," असं मी म्हटलं. जीभ चालत होती, डोकं मागून येत होतं. पण अटकेच्या कागदावर सही करायला पेन काढलं आणि हात अडला. ठरवलं, दिवस मावळायच्या आत खरा माणूस हाती आला पाहिजे.

तशीच अमरावतीला दवाखान्यात गेले. ड्रायव्हरने जबाब पुन्हा तोच दिला. त्याची पट्टी बदलणारी नर्स केरळची होती, बरीच वर्षं इथे राहिलेली. एका नावाच्या तीन चुलतभावांचं ऐकून ती हसली.

"आमच्याकडे पण असंच, मॅडम. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. माझे चार चुलतभाऊ एकाच नावाचे, पण ते नाव चर्चमध्ये. घरी एवढ्या मिशा असलेल्या भावालाही आम्ही बेबी म्हणतो. खऱ्या नावाने हाक मारली तर एकही मागे बघणार नाही."

मी तिथेच थबकले. बंडूच्या घरातही असंच असणार. आयांना सासऱ्याचं नाव घेता येत नाही, आजीला नवऱ्याचं. म्हणून पोरांना घरी दुसरी नावं, आणि गावही त्याच नावांनी हाक मारतं. मग भांडणात आजोबांचं नाव कोण ओरडलं? गावचा माणूस नव्हे. मारणाऱ्याला गावाबाहेर ओळखणारा कुणीतरी.

हवालदारांना फोन लावला. "तिघांपैकी गावाबाहेर कोण राहतं?"

"एक चांदूर रेल्वे गावाले हाय. संत्र्याच्या शेडवर."

थेट तिथे गेले. पोरं संत्री निवडत बसली होती. मी ते नाव घेताच एकजण पटकन म्हणाला, "तो? शेंदूरजन्याहून आला तवापासून खोलीतच हाय." शेजारच्या पोराचा हात मात्र क्रेटमध्येच राहिला. त्याला बाजूला घेतलं.

"त्याला घरी काय म्हणतात रे?"

"घरचं मले काय मालूम? आमी तं नावानंच बोलावतो."

"भांडणात बोलावलंस तसंच?"

तो उसळून म्हणाला, "मी वरडलो म्हून तं वाचला ना ड्रायव्हर! नाहीतं यानं दुसरा हानला असता."

खोलीत आरोपी सापडला, खाटेखाली रॉड. पंचनामा केला, ठाण्यात फोन करून बंडूला सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर धावला आणि पुढे भरतीही झाला.

त्यानंतर नोकरीत कुणी मला आरोपीचं नाव सांगितलं की मी आधी विचारायचे, "या नावाने त्याला हाक कोण मारतं?" कागदावर नुसतं नाव असतं, त्या नावाने हाक मारणारी माणसं सापडली की मगच माणूस सापडतो.

पुढे मी आजीची माफी मागायला गेले. भिंतीकडे तोंड फिरवणारी ती बाई त्या दिवशी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला हाताला धरून ओट्यावर बसवत ती म्हणाली, "पोराले सोडलं, चांगलं केलं. पन माय, तू दारातून त्याहिचं नाव घेतलं ना, लय वर्सांनी कानावर पडलं. तिघाहिले देलं, पन घरात कोनीच घेत नाही व. अजून एक डाव घे ना."