आई आणि मोठेबाबा एकाच पाळण्यात

आमच्या घरात कोण शूर आणि कोण भित्रा, हे मंडईतल्या झुल्यांवर ठरतं. एरवी वर्षभर सगळेच शूर असतात.

दिवाळी झाली की आमच्या भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या घराघरात पाहुणे. आमचं गाव करडीच्या बाजूला. आम्ही वरठीला राहायचो, कारण बाबा तिथल्या कारखान्यात कामाला होते. पण मंडईच्या दिवशी एका मोटारसायकलवर आम्ही तिघं आणि फराळाची पिशवी असे गावाला निघायचो. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे कडपे पडलेले असायचे आणि तलावाच्या पाळीवर चढलं की समोर आखर दिसायचं. एरवी तिथे सकाळी गुरं गोळा होतात. त्या दिवशी तिथे झुले असायचे.

धाकटे काका एकदा ब्रेक डान्स नावाच्या झुल्यात बसले ते तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, धरून. सासुरवाडीची माणसं आलेली, अंगात पांढरा शर्ट. पहिल्याच गिरकीत अर्धा खर्रा घशात गेला आणि अर्धा शर्टावर आला. खाली उतरले तेव्हा मारामारी करून आल्यासारखे दिसत होते. आत्याने झोके घेणाऱ्या मोठ्या नावेत बसून डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देवीला कोंबडं कबूल केलं. नाव थांबली, पाय जमिनीला लागले आणि ती म्हणाली, "कोंबडं कुठी, मी नारळ म्हनलं होतं." देवीनेही बहुतेक मान्य केलं असावं, कारण आत्या आजही ठणठणीत आहे.

बाबा कधीच कशात बसले नाहीत. ते झुल्यांचे जाणकार. कारखान्यातला माणूस म्हणून ते खाली उभे राहून कुठला बेरिंग घासतोय आणि कुठला बोल्ट ढिला आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांचं ऐकून कितीतरी माणसं तिकीट काढून परत फिरली असतील.

आता मोठेबाबा. बाबांचे थोरले भाऊ, गावात राहून शेती पाहणारे. अंगाने भारी, आवाज बारीक, पण तो आवाज निघाला की बाबांची मान आपोआप हलायची. घरातला कुठलाही निर्णय असो, बाबांचं उत्तर एकच, "दादा म्हनतीन तसं."

आईच्या नात्याने मोठेबाबा भासरा लागायचे, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्याला शिवायचं नाही, त्याच्या खाटेवर टेकायचं नाही, त्याच्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही. मग काम कसं चालायचं? माझ्यावर. आई म्हणायची, "पोरी, मोठेबाबाले सांग, पानी तापलं." मोठेबाबा तिथेच उभे. ते म्हणायचे, "पोरी, आईले सांग, येतो मी." मला काही सांगावं लागायचं नाही, फक्त मध्ये उभं राहावं लागायचं. एकदा मी घरात नव्हते तर आईने गोठ्यातल्या गाईला सांगितलं की ताट वाढलं आहे, आणि मोठेबाबा जेवायला येऊन बसले.

बाकी सगळे याला हसायचे. मला राग यायचा. आणि त्या वर्षी तर फारच आला होता, कारण त्या वर्षी माझाच प्रश्न होता. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुढे शिकायला नागपूरला जायचं होतं. आईलाही तेच हवं होतं. ती बाबांना सांगून सांगून थकली होती. बाबांनी मोठेबाबांना विचारलं, तर मोठेबाबा म्हणाले, झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. शहापूरच्या एका घराशी त्यांनी माझ्या लग्नाचं बोलणंही सुरू केलं होतं. ती मंडळी मंडईच्या दुसऱ्या दिवशी पाहुणी म्हणून यायची होती, आणि ती काही फराळासाठी येत नव्हती.

मंडईच्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मोठेबाबांनी सगळ्यांची तिकिटं काढली. आकाशपाळण्याच्या एका पाळण्यात आई, बाबा आणि मी बसायचं ठरलं. चपला खाली काढून मी चढले, आई चढली. बाबांनी एक पाय वर ठेवला, पाळणा जरासा हलला आणि त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"चपला कोन पायन?" ते म्हणाले. "इतकी गर्दी आहे. तुम्ही बसा, मी सगळ्याइच्या चपला राखतो."

झुलेवाला वैतागला. तो माणसं बघून नजरेनेच वजन ठरवायचा आणि चाकाचा तोल राखायचा. चाकाच्या पलीकडच्या पाळण्यात त्याने चांगले धष्टपुष्ट पाहुणे बसवले होते. "सामने वजन है, इधर भी वजन चाहिए," असं म्हणत त्याने गर्दीवर नजर फिरवली आणि ती मोठेबाबांवर थांबली. "काका, आप आइए."

मोठेबाबा नाही म्हणाले असते. पण अर्धं गाव बघत होतं, आणि आमच्याकडे झुल्याला नाही म्हणणं म्हणजे भित्रा ठरणं. ते चढले, आमच्या समोरच्या बाकावर बसले, झुलेवाल्याने दांडी लावली आणि चाक पुढे सरकलं. आई उठायला गेली तेव्हा आमचे पाय जमिनीपासून सुटले होते.

आईने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. मोठेबाबा मान वळवून तलावाकडे बघू लागले. पाळणा एवढासा, गुडघ्याला गुडघा लागत होता.

"पोरी, आईले सांग, दांडी धर म्हना."

"पोरी, मोठेबाबाले सांग, धरली."

मग सगळे पाळणे भरले आणि झुलेवाल्याने वेग दिला. वर जाताना काही वाटत नाही हो, खाली येताना पोट वरच राहतं. पहिल्याच उताराला आईचा पदर उडून खांद्यावर गेला, दांडीवरचा हात सुटला आणि समोर जे होतं ते तिने धरलं. समोर मोठेबाबांचा हात होता.

"दादा," ती किंचाळली, "दादा, धरा मले."

बाबा त्यांना दादा म्हणायचे. आईने त्यांना आजवर काहीच म्हटलं नव्हतं. मी भीतीने ओरडत होते आणि त्यातच मला इतकं हसू येत होतं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटी वेग उतरला, एकेक पाळणा रिकामा व्हायला लागला आणि आमचा पाळणा अगदी वर जाऊन थांबला. खालून दंडारीच्या नाचाचा ढोल ऐकू येत होता.

आईने पदर सावरला आणि हात मागे घ्यायला गेली. हात येईना. मोठेबाबांचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते आणि त्यांनी आईची बोटं आवळून धरली होती. हात आईने धरला होता खरा, पण सोडत मोठेबाबा नव्हते.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला मध्ये न घेता बोलली.

"दादा, पोरीले नागपूरले शिकू द्या."

मोठेबाबांनी डोळे उघडले नाहीत. "पहिले खाली उतरू दे बाई," ते म्हणाले. "मंग बोलू."

"खाली उतरल्यावर मले बोलता येत नाही."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पण आई थांबली नाही. "तुमचे भाऊ म्हनते, दादा म्हनतीन तसं. मी बी तसंच म्हनत आली. पन हे पोरगी माझी आहे. माझ्या मनात काय आहे हे आजवर कोनी इचारलं नाही. मी सांगू कोनाले? गाईले?"

मोठेबाबांनी तिची बोटं सोडली. पाळणा एक घर खाली आला, थांबला. पुन्हा एक घर खाली आला. आता मला खरी भीती वाटायला लागली, मघाच्या उतारालाही वाटली नव्हती अशी. वाटलं, झालं, आता ना नागपूर ना काही, आणि आईला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

झुलेवाल्याने दांडी काढली. आई उतरली, पदर पुढे ओढून माझ्या मागे उभी राहिली. मोठेबाबा उतरले ते खांबाला धरून पाय स्थिर होईपर्यंत तसेच उभे. तेवढ्यात दोन्ही हातांत चपलांचे जोड घेऊन बाबा आले आणि म्हणाले, बेरिंग घासून राहिला होता, म्यानं खालूनच ओळखलं.

मोठेबाबांनी ते ऐकलंच नाही. "पोरीच्या शिक्षनाचं तू मले कायले इचारतेस रे?" ते म्हणाले.

बाबा गोंधळले. "मंग कोनाले इचारू, दादा?"

"हिले." त्यांनी आईकडे मान केली. "आत्ता इचार. माझ्यासमोर इचार."

बाबा चपला हातात घेऊन उभे. मोठ्या भावासमोर त्यांना बायकोशी असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "काय करायचं, सांग."

मी तयारच होते. आई आता म्हणणार, पोरी, यायले सांग. ती माझ्या मागून बाहेर आली. पदर होता, मान खाली होती, पण शब्द अन् शब्द स्पष्ट आला.

"नागपूरले जाईल माझी पोरगी."

"शहापूरवाल्यायले मी सांगतो," मोठेबाबा तिला म्हणाले. थेट तिलाच. तीही त्यांना "हो" म्हणाली. जमिनीवर उभं राहून त्या दोघांच्या बोलण्यात पहिल्यांदाच माझी गरज पडली नव्हती, आणि मी तिथेच, सगळ्या गावासमोर, हमसून हमसून रडले.