महादेवाचं पाणी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. खरी भिंगरी होती ती बाबांच्या पायाला. इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा हा माणूस रविवारी तरी स्वस्थ बसावा, तर छे. दिवाळी झाली की एका रविवारी ते आम्हा दोघींना रामटेकला न्यायचे आणि डोंगराची फेरी घालायला लावायचे.

रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. वळणाच्या पोटात अंबाळा तलाव आणि त्याच्या काठावरची देवळं. शहाणी माणसं पायऱ्यांनी गडावर चढतात, रामाचं दर्शन घेतात आणि उतरतात. बाबा दुसऱ्या टोकाकडून चढायचे. अंबाळा उजव्या हाताला ठेवून माथ्यामाथ्यानं गडापर्यंत चालायचं, मग पायऱ्या उतरून निघालो तिथे परत यायचं. ही त्यांची प्रदक्षिणा. आणि प्रदक्षिणा म्हटली की अर्ध्यातून मागे फिरणं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात बाबा दुकानातच छाती धरून खाली बसले. दवाखाना झाला, घरी आराम झाला. चढण चढायची नाही, डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी ते हसण्यावारी नेलं. "डॉक्टरनं वाजवून पाहिलं ना भांडं? फुटका आवाज नाही आला," म्हणाले.

पण हसू वरवरचं होतं. दुकानात मालकानं त्यांना खुर्ची दिली होती. पितळेचे मोठे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, आता दुसरे लोक फळीवरून उतरवायचे आणि बाबांनी बसल्या जागेवरून भाव सांगायचा. "मले देव्हाऱ्यात बसवल्यावानी बसवून ठेवलं," ते आईला सांगत होते. "यंदा फेरी पुरी करतो आन् खुर्ची देतो वापस." फेरी पुरी झाली तर आपण धडधाकट, नाही तर आयुष्यभर खुर्ची, असा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला होता.

मी चिडले. मी येणार नाही म्हटलं, जेवले नाही, आईशी भांडले, की तू काहून काही बोलत नाहीस. आई चिवडा बांधत राहिली. फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्यानं भरून तिनं माझ्या हातात दिला आणि आम्ही निघालो.

एसटीत मला एका जागी बसवेना. कामठी गेलं, मनसर गेलं, डोंगर दिसायला लागला. बाबा मात्र खिडकीशी बसून शीळ घालत होते.

चढून माथ्यावर आलं की डाव्या हाताला एकदम खिंडसीचा तलाव उघडतो. उजवीकडे खाली अंबाळा आणि डावीकडे दूरवर पसरलेली खिंडसी. इतर वर्षी मी तिथे धावत पुढे जायची. त्या दिवशी मला पाणी दिसतच नव्हतं. मी बाबांच्या शर्टाची घामानं भिजलेली पाठ बघत चालले होते.

"पाह्य वं, किती पाणी आहे यंदा," बाबा थांबून म्हणाले. मी पाहिलं. थोडं चाललो आणि ते पुन्हा थांबले. "थो बेट पाह्य." मग पुन्हा, "पाखरं पाह्य." तलावाचं एवढं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं. हे दम खाणं आहे हे कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावर मी घाबरून गेले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पुढे एक खोलगट उतार, त्यानंतर उभी चढण, आणि गड अजून लांबच.

"बाबा, मागं फिरू."

"अर्धी प्रदक्षिणा टाकते का कोणी?"

"टाकली तर काय होते?"

"तू जाय खाली. मी जातो गडावर," असं म्हणून ते खरंच चालू लागले.

मी आईकडे वळले तर आई बाबांच्या चार पावलं पुढे जाऊन वाटेच्या कडेला खाली बसलेली. तिथे एक गोलसर काळा दगड होता. तिनं पदरानं त्याच्यावरची माती पुसली, एक रानफूल ठेवलं, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि होतं नव्हतं तेवढं पाणी त्या दगडावर ओतलं. मी ओरडलेच. सोबतीला छातीचा रोगी आणि ही बाई प्यायचं पाणी दगडाला पाजते.

पाणी दगडावरून घसरून वाटेवर आलं आणि उतारानं वाहत बाबांच्या पुढ्यात आडवं गेलं. आईनं हात जोडले.

"अहो, थांबा. महादेव आहे येथं. महादेवाचं पाणी वलांडत नसतेत."

आमच्यात हे लहान पोरालाही माहीत. बाकी देवांना पूर्ण फेरी घालायची. महादेवाच्या पिंडीचं पाणी जिथून वाहतं तिथपर्यंतच जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं मागे फिरायचं. महादेवाला तीच पुरी प्रदक्षिणा.

बाबांनी दगडाकडे पाहिलं, मग आईकडे. दर वर्षी आम्ही त्याच दगडावरून पुढे गेलो होतो. एकदा तर मी त्याच्यावर बसून सीताफळ खाल्लं होतं.

"इतक्या वर्षांत कधी दिसला नाही," बाबा म्हणाले.

"तुमी सदा गडाकडंच पाहता," आई म्हणाली.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ते गिळलं, आणि उतावळ्या बाईला हे किती जड जातं ते उतावळ्यांनाच ठाऊक. बाबांनी चपला काढल्या, हात जोडले. "मंग मागंच फिरा लागते," ते म्हणाले आणि वळले.

उतरताना तहानेनं माझा जीव जात होता आणि सुटकेनं रडू येत होतं. आईचा हेवाही वाटत होता. सोमवारी बाबा दुकानात गेले, खुर्चीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रदक्षिणा झाली म्हणून सांगत राहिले.

पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची तब्येत चांगली सुधारली, आणि माझी झोप पुन्हा उडाली. आता अंगात ताकद आली, हे गडाकडे निघणार, आणि तो महादेव काही दर वर्षी कामाला येणार नाही. रविवारी पहाटे मी पिशवी भरायला घेतली तर चिवड्याच्या पुडीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं होती.

"तू ठेवली?" मी आईला विचारलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

बाबा उंबऱ्यापाशी चपला घालत होते.

"पाण्याचे दोन तांबे घेजो वं," ते मान वर न करता म्हणाले. "एक महादेवाले, एक आपल्याले."