तांबटाच्या घरचा मासा

हंड्यावर हातोडी पडायला लागली की गल्लीला कळायचं, ठोकेकाका जागेवर बसले. खरं नाव काहीतरी असणारच, पण जन्म ठोकण्यात गेल्यावर नावाची आठवण कोण ठेवतो? जवानीपासून कानाशी ठणठणाट करून घेतला, तेव्हा कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. त्यामुळे काका बोलायचे ते ओरडूनच. बायकोच्या कानात काही सांगायला गेले, तर समोरचा शिंपी दुकानातून म्हणायचा, "काका, कळलं!"

तांब्यावर त्यांचा भारी जीव, आणि प्लॅस्टिकवर तेवढाच दात. "ते काय भांडं आहे? खेळणं आहे खेळणं! टिचकी मारली तर आवाज नाही." पलीकडे प्लॅस्टिकवाल्याचं दुकान, त्याला ऐकू जावं म्हणूनच हे बोलायचं. घरात प्लॅस्टिकची बादली म्हणून आली नव्हती. काकू मात्र लग्न झाल्यापासून भरलेला हंडा उचलत, कंबर धरत पुटपुटायच्या. आणि काकांना पुटपुटणं ऐकू येत नसे.

मुलगी परगावी नोकरीला. तिनं जागा बदलली, नव्या घरमालकिणीला मासा चालेना, म्हणून काचेची पेटी बापाच्या गळ्यात बांधून गेली. आत एक केशरी मासोळी, नाव ठुमकी, आणि काचेला चिकटलेल्या बारक्या गोगलगाई. जाता जाता ओरडून सांगितलं, "बाबा, नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही! रात्रभर भांड्यात ठेवायचं, मग ओतायचं!"

"समजलं गं. आम्हाला भांड्याचं शिकवतेस?"

काकांनी दुकानातला सगळ्यात देखणा हंडा त्या कामाला लावला. पेटी ऐरणीशेजारी मांडली. ठुमकीला बोलता येत नाही, काकांना ऐकू येत नाही. जोडी झकास जमली. काका ठोकता ठोकता गाऱ्हाणी सांगायचे, ती काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करायची. "बरोबर बोललीस," काका म्हणायचे.

आधी गोगलगाई मेल्या. काका म्हणाले, "बरं झालं. फुकटखाऊ गेले."

मग ठुमकी बिघडली. खाणं टाकलं तर ढुंकून बघेना. पर मिटून कोपऱ्यात बसली, मध्येच वर येऊन हवेसाठी तोंड वासायला लागली.

"तुमची ठणठण सोसत नाही तिला," शिंपी म्हणाला. "आम्ही माणसं म्हणून टिकलो."

काकांनी हातोडी खाली ठेवली. गल्ली एकदम सुनी झाली. त्या ठेक्यावर मशीन चालवायची सवय असलेल्या शिंप्यानं एका पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. ठुमकी काही सुधारली नाही. उलट कुशीवर कलली.

"अगं, पाणी बदलू. ताजं देऊ पोरीला," काका काकूंना म्हणाले आणि हंडाभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. जेवताना पेटीकडं तोंड करून बसू लागले.

"माझ्या तापात एवढं केलं नव्हतं हो," काकू मोठ्यांदा म्हणाल्या.

"तू सांगतेस तरी काय होतंय ते. ही बिचारी कुणाला सांगणार?"

अशात एक गिऱ्हाईक बाई हंडा बघायला आली. मन ठिकाणावर नव्हतं, पण जीभ पाठ केलेल्या वाटेनं निघाली. "निर्धास्त न्या, बाई! यातल्या पाण्याला शेवाळ धरणार नाही, अळी पडणार नाही. आत जीव म्हणून जगला तर तांबटाचं नाव लावणार ना..."

काका तिथंच थांबले. तोंड उघडंच. पेटीतल्या ठुमकीचंही उघडंच.

"काका, पुढं?" बाई म्हणाली.

"पुढं काही नाही. हंडा उद्या न्या."

तडक मुलीला फोन लावला. "तू पाणी कशात ठेवायचीस?"

काकांना उत्तर ऐकू येईना. मग काकूंनी फोन कानाला लावून ऐकलं आणि नवऱ्याच्या कानात ओरडल्या, "बादलीत! प्लॅस्टिकच्या! तुम्ही रागवाल म्हणून बोलली नाही!"

काका उठले. चप्पल पायात घालायला उगीच वेळ लावला. एवढी वर्षं त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. शिंप्यानं मशीन थांबवलं.

"बादली दे," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

"काय म्हणालात?" प्लॅस्टिकवाल्यानं कानाला हात लावला.

"बादली!"

"भांडं हवंय की खेळणं?"

"मासा मरतोय रे माझा!"

प्लॅस्टिकवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं निळी बादली काढली, दारातल्या पिंपातलं कालचं पाणी तीत भरलं आणि स्वतःच उचलून काकांच्या दुकानात आणली. दोघांनी पेटीतलं थोडं पाणी काढलं, थोडं घातलं. रोज तसंच थोडं थोडं करत गेले. प्लॅस्टिकवाला दुकान उघडायच्या आधी पेटी बघून जायचा.

एका सकाळी काकांनी काचेपाशी बोट नेलं आणि ठुमकी वळून बोटामागं आली. खाणं टाकताच झडप घातली. काकांनी हातोडी उचलली, आणि समोर शिंप्याचं मशीन ठेक्यात सुरू झालं.

"तांब्यात दोष नाही," काका प्लॅस्टिकवाल्याला ओरडून सांगत होते. "हिला पचत नाही, एवढंच."

"बरं, बरं. आणि बादली?"

"ती माशाची आहे. आमचा संबंध नाही."

संध्याकाळी पाणी भरायला गेले, तर बादली जागेवर नाही. मोरीतून काकू तिच्यात पाणी घेऊन एका हातानं झुलवत निघाल्या होत्या.

"अगं, ती ठुमकीची!"

"माझी कंबर गेली तेव्हा आली नाही, माशासाठी आली," काकू हळूच पुटपुटल्या. या वेळी काकांना कसं कोण जाणे, अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

त्यांनी पुन्हा चप्पल घातली. प्लॅस्टिकवाला दुसरी बादली काढून दारातच उभा होता.