जुन्या बाटलीसंगं जुनं भांडण

नामदेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, "खोटं! तो गेला असता तर इथवर ऐकू आलं असतं." हिंगणघाटात हा माणूस शिंकला की वर्ध्याच्या स्टेशनावरचा सिग्नल पडायचा... माझ्या डोळ्यांदेखत पडलाय. महिना झाला, अजून मला खरं वाटत नाही.

नामदेव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. गोरा मॅनेजर विलायतेला परतताना त्याला द्राक्षाच्या दारूची बाटली देऊन गेला; साहेबाच्या आजोबांच्या वेळची म्हणे. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून आम्ही तिला काढा म्हणायचो. वर्षानुवर्षं ती सरकीच्या ढिगात पुरलेली. गेल्या हिवाळ्यात त्यानं वावरात आम्हा दोस्तांसाठी गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा बेत केला. "सायेब सांगून गेलता, जुन्या दारूसंगं जेवणबी तोलाचं पाह्यजे." म्हणून लोणचं मुरलेलं, गूळ जुना, तूप जुनं. "अन् भांडणबी जुनंच आणतो," म्हणाला, आणि स्वतः जाऊन शामरावाला बोलावून आला.

शामराव त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी दोघांचं बोलणं तुटलं होतं. साऱ्या गावाला हसवणारा नामदेव शामरावाच्या घरावरून जाताना मान खाली घालायचा.

शामराव आला खरा, पण तो माळकरी! आमचे पेले भरले, आणि नामदेव त्याच्यापुढे बाटली धरून नुसता उभा. आरावरचे रोडगे निवायला लागले तरी कुणी घास उचलेना.

"तुले चालत नाई, मले मालूम हाय," नामदेव म्हणाला. त्याचा तो आवाज पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. "पण उठू नोको."

शामरावानं पत्रावळीवर रोडगा कुस्करला, मधे आळं केलं. "ओत."

"काऊन बे?"

"माळेले पेणं चालत नाई. मी तं खाऊन राह्यलो."

मग काय, आम्हीही पेले रोडग्यांवर पालथे केले, वरून वांग्याची भाजी. विलायतेच्या राजानंही दारू अशी खाल्ली नसेल. चव? चिंचेच्या पाण्यात गंजका खिळा... पण शामरावानं दुसऱ्यांदा आळं केलं. नामदेव डोळे पुसत राहिला. म्हणे धूर लागला. आर केव्हाच विझला होता.

दुसऱ्या दिवसापासून शामराव रोज संध्याकाळी त्याच्या दारात. परवा मी नामदेवच्या घरी वहिनींकडे बसलो होतो, तर ओट्यावरून हाक आली, "नाम्या, हायेस का बे घरी?" दारात बघितलं, तर शामराव चपला पुन्हा पायात सरकवत होता.

वहिनी आतूनच म्हणाल्या, "जाऊ नका, भाऊजी. चहा ठेवला हाय. अन् हाक देणं बंद नका करू."