चार प्लग आणि बाबांचा पाय

बाबांकडून गाडीची किल्ली मी काढून घेतली तेव्हा ते एक शब्दही बोलले नाहीत. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. भाजीवाल्याच्या तराजूपासून हवामान खात्याच्या अंदाजापर्यंत सगळ्यांशी हुज्जत घालणारा हा गणिताचा निवृत्त मास्तर, आणि मुलीपुढे मुकाट्यानं किल्ली ठेवतो?

झालं होतं असं. बाबा नारायण पेठेत एकटे राहतात, मी विश्रांतवाडीला. रविवारी सकाळी मी आले की ते मला शेजारी बसवून मार्केट यार्डात भाजीला नेत. त्या रविवारी वाटेतल्या पुलाच्या चढावर गाडीनं दोन-तीन हिसके दिले आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. एक दुचाकीवाला जाता जाता म्हणाला, "काका, आता रिक्षा करत जा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच्या महिन्यातही गाडी अशीच अडखळली होती. वय अठ्ठ्याहत्तर, क्लचवरचा पाय आता थरथरत असणार, हे मी ठरवूनच टाकलं. घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, आता पुरे."

दोन महिन्यांनी गाडी विकावी म्हणून मी ती गिऱ्हाइकाला दाखवायला निघाले. त्याच पुलावर, माझ्या धडधाकट पायाखाली, गाडीनं तसेच हिसके दिले.

मी तशीच बाबांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्यानं चारही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर मांडले. टोकं झिजलेली, वर काळीकुट्ट काजळी. "ताई, हे गाडी घेतली तेव्हापासूनचे आहेत. बारा वर्षं झाली. दर सर्व्हिसिंगला मी सांगायचो, बदलू या. काका गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून दाखवायचे."

पुस्तकातलं बाबांचं गणित मला पाठ होतं. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात, आपली गाडी वीस हजारही चाललेली नाही, मग उगाच का बदलायचे?

"हिशोब बरोबरच आहे काकांचा," मेकॅनिक म्हणाला. "पण गाडी आठवड्यातून एकदा चार किलोमीटर जाणार. इंजिन धड तापतच नाही, मग काजळी जळणार कशी आणि ठिणगी नीट पडणार कशी? स्टार्ट व्हायला वेळ लागला, चढावर धक्के बसले, पेट्रोल जास्त लागायला लागलं, की किलोमीटर बघत बसायचं नाही. प्लग काढून बघायचे." नवे प्लग बसवायला त्याला अर्धा तासही लागला नाही.

तिथून मी बाबांच्या घरी आले. जिना चढून वर गेले, तर बाबा डावा पाय स्टुलावर ठेवून गुडघा गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसले होते. त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीतच नव्हतं.

"कधीपासून दुखतोय?"

"तू म्हणालीस त्यानंतर लक्षात आलं," ते म्हणाले. "जिन्यावरही कापतो मेला."

मी त्यांना प्लगचं सगळं सांगितलं. काजळीचं, हिशोबाचं.

"चढावर? तुझ्या हातूनही?"

"हो. तसेच हिसके. चुकलं माझं, बाबा."

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, पाय खाली घेतला आणि नुसतेच त्याच्याकडे बघत बसले. मला रडू आलं. ते माझ्याशी भांडले असते तर किती बरं झालं असतं. पण त्यांनी माझं खरं मानलं होतं, आणि त्यांच्या पायानंसुद्धा.

पुढच्या रविवारी मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि शेजारी बसले. गाडी लोण्यासारखी चालली, एकदाही हिसका बसला नाही. पण प्रत्येक वेळी गिअर बदलला, की बाबा रस्त्यावरची नजर काढून क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.